एकाच कागदावर सगळ्या मापांचे फोटो

खाते उघडण्याचा अर्ज व्यवस्थित भरलेला असतो, आधार आणि पॅनच्या प्रती जोडलेल्या असतात. पण फोटो असतो पॅनच्या मापाचा आणि अर्जावरची चौकट पासपोर्ट मापाची. कधी याउलट होते. मग मोठा फोटो कात्रीने कडेने कापला जातो आणि त्यात हनुवटी किंवा कान जातो. असा अर्ज परत करावा लागतो आणि रोजंदारीवरच्या खातेदाराची त्या दिवसाची मजुरी बुडते. लागणाऱ्या मापांचे फोटो एकाच कागदावर छापून घेतले तर हा हेलपाटा वाचतो.

फोटो ही केवळ औपचारिकता नाही. तो तुमच्या सहीबरोबर बँकेच्या नोंदीत राहतो. पैसे काढताना शंका आली, तर कर्मचारी तो फोटो आणि समोरची व्यक्ती ताडून पाहतो. अंगठा लावणाऱ्या खातेदारासाठी तर फोटोच मोठा आधार. ओळखीची अधिकृत कागदपत्रे नसतील, तर स्वतः साक्षांकित केलेला फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यांवर ‘लघु खाते’ उघडता येते. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत, वर्षभरातील एकूण जमा १ लाखापर्यंत आणि महिन्यातील पैसे काढणे १०,००० रुपयांपर्यंत, अशा मर्यादा असतात.

मापे कोणती?

पासपोर्ट मापाचा फोटो ३.५ सें.मी. रुंद आणि ४.५ सें.मी. उंच असतो. पॅनच्या कागदी अर्जासाठीचा फोटो २.५ सें.मी. रुंद आणि ३.५ सें.मी. उंच. तरीही अर्जावरची चौकट आधी फूटपट्टीने मोजून घ्या.

मांडणी कशी करावी?

स्टुडिओत मिळणारा ४ बाय ६ इंचांचा फोटो कागद आडवा धरला, तर तो सुमारे १५.२ सें.मी. रुंद आणि १०.२ सें.मी. उंच भरतो. वरच्या ओळीत पासपोर्ट मापाचे चार फोटो बसतात. त्यांची रुंदी १४ सें.मी. होते. खालच्या ओळीत पॅनच्या मापाचे पाच. त्यांची रुंदी १२.५ सें.मी. दोन्ही ओळींची उंची मिळून ८ सें.मी. म्हणजे एका कागदात नऊ फोटो होतात आणि कापण्यापुरती जागाही उरते. मुलाच्या नावाने खाते उघडायचे असेल, तर याच कागदावर पालकाचे आणि मुलाचे फोटो निम्मे-निम्मे घेता येतात.

एक चूक टाळा. पासपोर्ट मापाचा फोटो नुसता दाबून पॅनच्या मापात बसवला, तर चेहरा अरुंद दिसतो. तो ३.५ सें.मी. उंचीपर्यंत लहान केला की रुंदी सुमारे २.७ सें.मी. राहते. दोन्ही बाजूंनी साधारण एकेक मिलिमीटर पार्श्वभूमी छाटली की माप बरोबर येते.

छापताना

प्रिंटरच्या पर्यायांत ‘फिट टू पेज’ नको, ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडायला सांगा. नाहीतर सगळेच फोटो लहान-मोठे होतात. साध्या कागदावरची छपाई डिंकाने फुटू शकते, म्हणून फोटो कागदच घ्या. मोबाईलवरचा फोटो व्हॉट्सॲपने पाठवायचा असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर त्याचा स्पष्टपणा कमी होतो. कापण्यापूर्वी प्रत्येक मापाचा एक फोटो मोजून पाहा.

काम झाल्यावर

दुकानातल्या संगणकावरून तुमचा फोटो आणि सोबत दिलेल्या आधार-पॅनच्या फाइली समोर उभे राहून पुसायला लावा. ‘रिसायकल बिन’ही रिकामी करायला सांगा. बिघडलेले फोटो तिथे टाकून येऊ नका, कारण तुमचा फोटो आणि आधारची प्रत एकत्र कुणाच्या हाती लागली, तर तुमच्या नावाने खोटा अर्ज भरला जाण्याचा धोका असतो.

अर्जावर फोटो डिंकानेच चिकटवा. चेहऱ्यावर पिन मारू नका. सही फोटोवर करायची की खाली, हे अर्जावर वाचून मगच पेन टेकवा. उरलेले फोटो पाकिटात घालून पासबुकाजवळ ठेवा. पुढच्या अर्जाच्या वेळी ते हाताशी असतील. मात्र चेहऱ्यात बराच फरक पडला असेल, तर नवे काढा.