लग्नाच्या फोटोंची बॅग

वर्धा जिल्ह्यातली लग्नसराई भर उन्हाळ्यात रंगते. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. बाहेर भगभगीत ऊन आणि मांडवात रंगीत कापडाची छटा चेहऱ्यांवर उतरलेली, त्यामुळे व्हाइट बॅलन्स हाताने लावणे आणि रॉ फाइल घेणे सोयीचे ठरते.

अंतरपाट एकदाच दूर होतो. म्हणून दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा हवा आणि सोबत दुसरी बॉडीही. गर्दीत २४-७० मिमी, तर पाहुण्यांच्या रांगेमागून ७०-२०० मिमी लेन्स उपयोगी पडते. दोन्ही एफ २.८ असल्यास उत्तम, पण महाग. सुरुवातीला ५० मिमी एफ १.८ पुष्कळ काम भागवते.

खरी अडचण दिव्यांची. उडत्या अक्षता गोठवायला शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागते. पण ५० हर्ट्झ विजेवरचे हलके एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत पट्टे उमटतात. अशा वेळी फ्लॅश किंवा कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय कामी येते. फ्लॅश रंगीत छतावर उडवला, तर तोच रंग चेहऱ्यावर परततो. लॉनवर छतच नसते. तिथे डिफ्यूझर बरा. (याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, कनु गांधींना बापूंचे फोटो काढण्याची परवानगी फ्लॅश न वापरण्याच्या अटीवरच मिळाली होती.)

बॅटऱ्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत. चार-पाच भरलेल्या बॅटऱ्या, घाम पुसायला रुमाल आणि धुळीसाठी ब्लोअर बॅगेत असावा.