कोल्हापूरचे छत्रपतिपद

कोल्हापूरचे छत्रपतिपद : भूतपूर्व कोल्हापूर संस्थानच्या अधिपतींचे वंशपरंपरागत पद. शिवाजी महाराजांनी ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक करवून घेतला व ‘छत्रपती’ हे बिरुद धारण केले. अठराव्या शतकाच्या आरंभी ते भोसले कुळाच्या सातारा व कोल्हापूर या दोन शाखांत विभागले गेले. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये दत्तकाच्या प्रश्नावरून खालसा झाली. कोल्हापूरच्या गादीवर मात्र औरस वारसाच्या अभावी सहा वेळा दत्तक घेण्यात आले व ती अखेरपर्यंत टिकून राहिली. या पदाची कायदेशीर मान्यता १९७१ मध्ये संपुष्टात आली.

उगम : छत्रपती राजारामाच्या मृत्यूनंतर (२ मार्च १७००) त्याची राणी ताराबाई हिने आपला अल्पवयीन पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून राज्यकारभार व मोगलांविरुद्धचा लढा चालविला. मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटून आलेल्या शाहूने गादीवर हक्क सांगितला, खेडच्या लढाईत ताराबाईच्या सैन्याचा पराभव केला आणि १७०८ मध्ये साताऱ्यास स्वतःस राज्याभिषेक करविला. ताराबाईने पन्हाळ्यास वेगळी गादी स्थापिली. १७१४ मध्ये पन्हाळ्यास सत्तांतर होऊन ताराबाई व शिवाजी यांस कैदेत टाकण्यात आले आणि राजारामाची दुसरी राणी राजसबाई हिचा पुत्र संभाजी (कार. १७१४–६०) गादीवर आला. शाहू व संभाजी यांच्यात १३ एप्रिल १७३१ रोजी झालेल्या वारणेच्या तहाने वारणा नदीच्या दक्षिणेकडील प्रदेशावर कोल्हापूरचे स्वतंत्र राज्य मान्य झाले. अशा रीतीने एकाच बिरुदाचे दोन धारक परस्परांच्या संमतीने अस्तित्वात आले.

पहिले दत्तविधान : संभाजी डिसेंबर १७६० मध्ये निपुत्रिक मरण पावला व त्याजबरोबर राजारामाच्या वंशातील कोल्हापूरची औरस शाखा संपली. कोल्हापूरचे राज्य साताऱ्यात विलीन करून दोन्ही गाद्या एक कराव्यात, असा पेशव्यांचा विचार होता. संभाजीची राणी जिजाबाई हिने आपली एक सवत गरोदर असल्याचे जाहीर करून काही काळ मिळविला. पानिपतचा पराभव आणि त्यापाठोपाठ नानासाहेब पेशव्याचा मृत्यू (१७६१) यांमुळे पेशव्यांचा आग्रह ओसरला. खानवटकर भोसले घराण्यातील मुलास १७६२ मध्ये दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी (कार. १७६२–१८१३) असे ठेवण्यात आले व माधवराव पेशव्याने या दत्तकास मान्यता दिली. जिजाबाईने १७७३ पर्यंत त्याच्या नावे राज्यकारभार पाहिला. पुढे याच शिवाजीच्या कारकीर्दीत राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापूरला आली.

दत्तकाचा शास्त्राधार : हिंदू धर्मशास्त्रानुसार दत्तक पुत्र आपले जन्मकुल व गोत्र सोडून दत्तक घेणाऱ्याच्या कुळात प्रवेश करतो आणि पिंडदानाचा अधिकार व वारसा या दोहोंचा धनी होतो. पश्चिम भारतात प्रमाण मानल्या गेलेल्या व्यवहारमयूखाच्या परंपरेत पतीची स्पष्ट आज्ञा नसतानाही विधवेस दत्तक घेण्याचा अधिकार मानला गेला. बंगालच्या परंपरेत अशी आज्ञा आवश्यक होती. कोल्हापूरच्या वारसाक्रमात राण्यांना जे महत्त्व प्राप्त झाले, त्याचे मूळ या अधिकारात आहे. इंग्लंडमधील सरदारकीच्या पदव्यांशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथे पदवी ज्या राजपत्राने दिली जाते, त्यातच सामान्यतः मूळ पुरुषाच्या औरस पुरुषसंततीपुरता वारसा मर्यादित केलेला असतो व दत्तक पुत्रास पदवी मिळत नाही. त्यामुळे औरस पुरुषवंश खुंटताच पदवी लुप्त होते. हा नियम कोल्हापूरला लागू असता, तर तेथील छत्रपतिपद १७६० मध्येच लुप्त झाले असते. तथापि दत्तविधान शास्त्रोक्त असले, तरी ते राजकीय दृष्ट्या फलद्रूप होण्यास अधिसत्तेची मान्यता लागे.

ब्रिटिश अधिसत्ता : १८१२ च्या तहाने कोल्हापूर इंग्रजांच्या संरक्षणाखाली आले. शिवाजीनंतर त्याचा पुत्र संभाजी ऊर्फ आबासाहेब (कार. १८१३–२१) गादीवर आला. त्याचा १८२१ मध्ये खून झाला व लवकरच त्याचा अल्पवयीन मुलगाही वारला. तेव्हा आबासाहेबाचा भाऊ शहाजी ऊर्फ बुवासाहेब (कार. १८२२–३८) व त्यानंतर त्याचा पुत्र शिवाजी ऊर्फ बाबासाहेब (कार. १८३८–६६) हे गादीवर आले.

बाबासाहेबाच्याच काळात साताऱ्याचा शेवट झाला. तेथील छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी मरण पावला. मृत्युसमयी त्याने शास्त्रोक्त दत्तक घेतला होता. परंतु साताऱ्याचे राज्य १८१९ मध्ये कंपनीनेच निर्माण केले असून अशा आश्रित राज्यातील दत्तकास कंपनीची पूर्वसंमती आवश्यक आहे, अशी भूमिका घेऊन लॉर्ड डलहौसीने ते खालसा केले. कोल्हापूरची गादी त्या काळात रिकामी झाली नाही, हा काळाचा योगायोग निर्णायक ठरला. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांचे धोरण पालटले. राजनिष्ठ संस्थानिकांस औरस वारसाच्या अभावी दत्तक घेण्याचा अधिकार देणाऱ्या सनदा लॉर्ड कॅनिंगने दिल्या; कोल्हापूरला ती १८६२ मध्ये मिळाली. उठावात बाबासाहेबाचा धाकटा भाऊ चिमासाहेब याच्यावर इंग्रजांचा रोष होऊन त्यास कराचीस स्थानबद्ध करण्यात आले; तो तेथेच वारला. गादी मात्र अबाधित राहिली.

बाबासाहेबाने मृत्यूपूर्वी पाटणकर घराण्यातील आपल्या भाच्यास दत्तक घेतले. हा राजाराम (कार. १८६६–७०) इंग्लंडच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन पावला. त्याच्यामागे १८७१ मध्ये भोसले कुळातील शिवाजी दत्तक आला. त्यास वेडसर ठरवून ब्रिटिशांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले. त्याच्या छळासंबंधी केसरी व मराठा या पत्रांतून प्रसिद्ध झालेल्या मजकुरावरून दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली व १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना तुरुंगवास घडला. २५ डिसेंबर १८८३ रोजी हा तरुण छत्रपती अहमदनगर येथे मृत्यू पावला.

शाहू महाराज व नंतरचा काळ : शिवाजीची विधवा राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांस दत्तक घेतले. हेच राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२). त्यांना २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार मिळाले आणि १९०० मध्ये ‘महाराजा’ ही पदवी वंशपरंपरेने देण्यात आली. त्यांच्या कारकीर्दीतील वेदोक्त प्रकरणाचा छत्रपतिपदाशी निकटचा संबंध आहे. राजघराण्यातील धार्मिक विधी वेदमंत्रांनी करण्यास पुरोहितांनी नकार दिला, तेव्हा या पदाच्या क्षत्रियत्वाचाच प्रश्न उपस्थित झाला. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाने सिद्ध झालेला अधिकार गादीबरोबर वारशाने आला आहे, अशी महाराजांची भूमिका होती आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

त्यांचे औरस पुत्र राजाराम महाराज (कार. १९२२–४०) यांना पुत्रसंतती नव्हती. त्यांच्या मागे १९४१ मध्ये भोसले कुळातील एका बालकास दत्तक घेऊन शिवाजी हे नाव देण्यात आले. परंतु वयाची पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, २८ सप्टेंबर १९४६ रोजी, त्यांचे निधन झाले. १९४७ मध्ये देवास थोरली पाती या संस्थानचे अधिपती विक्रमसिंह पवार हे तेथील गादी आपल्या पुत्राकडे सोपवून कोल्हापूरला दत्तक आले व शहाजी महाराज या नावाने गादीवर बसले. ते शाहू महाराजांचे दौहित्र असल्याने या दत्तकात शास्त्रीय वारसा व रक्तसंबंध या दोहोंचा मेळ होता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

पदाची समाप्ती : भारतीय संविधानाने विलीन संस्थानांच्या अधिपतींना तनखे व काही विशेषाधिकार यांची हमी दिली होती आणि वारसास मान्यता देण्याचा अधिकार राष्ट्रपतींकडे ठेवला होता. शहाजी महाराजांनी १९६२ मध्ये नागपूरकर भोसले घराण्यातील आपल्या दौहित्रास शाहू या नावाने दत्तक घेतले, तेव्हा कोल्हापुरात त्यास तीव्र लोकविरोध झाला. दत्तकाच्या बाबतीत अधिसत्तेइतकेच प्रजेचेही मत असू शकते, हे या प्रसंगी दिसून आले. सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्रपतींनी काढलेला संस्थानिकांची मान्यता रद्द करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अवैध ठरविला. त्यानंतर सव्विसाव्या संविधान दुरुस्तीने २८ डिसेंबर १९७१ पासून ही मान्यता, तनखे व विशेषाधिकार कायमचे रद्द झाले. शहाजी महाराज १९८३ मध्ये निधन पावले.

१७१४ ते १९४९ या काळात कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या अधिपतींपैकी, अल्पायुषी ठरलेला आबासाहेबाचा मुलगा वगळता, अकरांपैकी सहा दत्तक होते. त्यांतील तिघे भोसले कुळातील, तर उरलेले पाटणकर, घाटगे व पवार या घराण्यांतील होते. त्यांच्या दत्तविधानांना प्रथम पेशव्यांची व नंतर ब्रिटिशांची मान्यता मिळत गेली. साताऱ्यास दत्तक असूनही मान्यता मिळाली नाही म्हणून पद लुप्त झाले. कोल्हापूरला वारस विद्यमान असताना मान्यता देणारी व्यवस्थाच कायद्याने संपुष्टात आली. ‘छत्रपती’ हे संबोधन घराण्यात व लोकव्यवहारात आदराने चालू आहे. २०२४ मध्ये शाहू छत्रपती कोल्हापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.