पत्र कोणाचें?

याकोबाची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्यानें थोरल्या भावाचीं वस्त्रें घातलीं, हातांवर करडांचीं कातडीं गुंडाळलीं आणि दृष्टि मंद झालेल्या पित्याचा आशीर्वाद मिळविला. आवाज ऐकून इसहाकास शंका आली होती. परंतु हात चांचपून त्यानें ती सोडून दिली. ई-मेलच्या व्यवहारांत अशीच फसवणूक आज घडते. शाळेच्या, बँकेच्या अथवा आप्ताच्या नांवानें पत्र येतें, त्यांत पैसे मागितलेले असतात, आणि नांव ओळखीचें म्हणून आपण विश्वास ठेवितों.

असें कां व्हावें? ई-मेल पोंचविण्याचे नियम जोनाथन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केले, तेव्हां हें जाळें थोड्या विद्यापीठांपुरतें व संशोधनसंस्थांपुरतें होतें. पाकिटावर पाठविणाऱ्याचें म्हणून कोणतेंहि नांव लिहितां येतें, तसेंच येथेंहि झालें. पुढें २००६ ते २०१५ ह्या काळांत तीन उपाय एकामागून एक नियमबद्ध झाले.

पहिला एस्.पी.एफ्. पत्त्यांतील 'ॲट' ह्या चिन्हापुढील नांवास डोमेन म्हणतात. आपलीं पत्रें कोणत्या सर्व्हरांवरून निघतील, ह्याची यादी डोमेनचा मालक इंटरनेटच्या सार्वजनिक नोंदवहींत लावितो आणि पत्र घेणारा सर्व्हर ती पाहतो. मात्र ही तपासणी पाकिटावरील पत्त्याची होय, आंत वाचकास दिसणाऱ्या पत्त्याची नव्हे.

दुसरा डी.के.आय्.एम्., म्हणजे मोहोर. पाठविणारा सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीनें पत्रावर गणिती मोहोर उठवितो. ती पडताळण्याची किल्ली त्याच नोंदवहींत सर्वांस खुली असते. वाटेंत कोणीं मजकूर बदलला, तर मोहोर जुळत नाहीं.

तिसरा डीमार्क. वरील दोहोंपैकीं एकहि परीक्षा डोळ्यांपुढील पत्त्याच्या डोमेनशीं जुळून उतरली नाहीं, तर पत्र येऊं द्यावें, संशयितांत टाकावें कीं नाकारावें, हें मालक ह्यांत आधींच सांगून ठेवितो. जो पहिल्याच पर्यायावर थांबतो, त्याच्या नांवाचें रक्षण होत नाहीं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं मोठ्या संख्येनें पत्रें पाठविणारांस हे तिन्ही उपाय आवश्यक केले आहेत.

तथापि हे उपाय पत्र कोणत्या घरून आलें तें सांगतात. लिहिणाऱ्याचा हेतु सांगत नाहींत. ठगानें खऱ्या नांवांत एक अक्षर फिरवून स्वतःचें डोमेन घेतलें, तर त्याचें पत्र तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण होतें. पासवर्ड चोरून दुसऱ्याच्याच खात्यांतून लिहिलें तरी तेंच.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, पत्रांतून पैसे किंवा ओ.टी.पी. मागितल्यास पत्रांत दिलेल्या नव्हे, तर आपणांस पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर विचारावें. पैसे गेलेच, तर लाज न धरितां तत्काळ १९३० ह्या सरकारी क्रमांकावर कळवावें. आणि विद्यार्थ्यांनीं हें घरीं आजी-आजोबांस समजावून सांगावें. इसहाकास शंका आली होती, पण त्यानें ती सोडली. आपण ती सोडूं नये.