वायरचा की वायरलेस? आधी मनगटाकडे बघा

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टायपिंगचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द लागतो. त्यासाठी आपल्या वस्त्यांमधली पुष्कळ मुलंमुली टायपिंग क्लासला जातात आणि घरी जुन्या लॅपटॉपवर सराव करतात. काही जणी डेटा एन्ट्रीचं काम घरी आणतात. महिना-दोन महिन्यांत मान आखडते, मनगट ठणकायला लागतं. दुकानदार म्हणतो, "वायरलेस सेट घ्या, आराम पडेल." आईबाप पदरमोड करून तो आणतात. दुखणं मात्र तसंच राहतं.

कारण दुखणं वायरमुळे नसतं. मनगट वर मुडपलेलं, खांदे उचललेले, मान खाली आणि दोन-दोन तास उठणं नाही, यामुळे ते होतं. लॅपटॉपची अडचणच ही आहे. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली की हात वर जातात. हात खाली घेतले की मान वाकते. म्हणून रोज तासाच्या वर काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस हवाच. तो वायरचा घ्यायचा की वायरलेस, हा नंतरचा प्रश्न.

बहुतेक घरांना वायरचाच सोयीचा

तो स्वस्त पडतो. त्याला सेल लागत नाहीत, त्यामुळे भर सरावात बंद पडत नाही. वायरलेसचा नखाएवढा रिसीव्हर हरवला तर बहुतेक वेळा सगळा सेटच निकामी होतो. परीक्षा केंद्रावरही साधारणपणे वायरचा, पूर्ण आकाराचा कीबोर्ड असतो. घरी तसाच वापरला तर बोटांना तीच सवय लागते. छोट्या, चपट्या कीबोर्डवर बसलेला हात केंद्रावर चुकतो. वायर मात्र भिंतीकडून न्या. छोट्या खोलीत म्हाताऱ्या माणसाचा पाय त्यात अडकू शकतो.

वायरलेस कधी घ्यावा?

लॅपटॉप उंच फळीवर असेल आणि वायर पुरत नसेल तेव्हा. किंवा एखाद्याला कीबोर्ड मांडीवर घेऊन, टेकून बसावं लागत असेल तेव्हा. वायरलेसच्या लहरींना घाबरू नका. त्यांची ताकद मोबाइलच्या तुलनेत अगदीच कमी असते. माऊस उचलून मात्र पाहा. पेन्सिल सेलचं वजन साधारण २३ ग्रॅम असतं. दोन सेलचा माऊस दिवसभर सरकवताना जड वाटतो.

खरी भीती सेलची आहे. काही चपट्या कीबोर्डमध्ये नाण्यासारखा गोल सेल असतो. तो लहान बाळाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. तशी नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, वाट पाहू नका. एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात लगेच न्या आणि "सेल गिळलाय" असं स्पष्ट सांगा. एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखा दिसू शकतो. घरात रांगणारं मूल असेल तर अशी वस्तू आणूच नका. वापरलेले सेलही मुलांच्या हाताला लागतील असे ठेवू नका.

टेबल नसेल तरी बैठक नीट जमते

भिंतीला पाठ टेकून बसा, मागे उशी घ्या. लॅपटॉप चौरंगावर, दोन मजबूत डब्यांवर ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांसमोर यायला हवी. कीबोर्ड मांडीवरच्या पाटावर घ्या. कोपर काटकोनात, अंगाजवळ. मनगट सरळ. माऊस कीबोर्डला लागूनच ठेवा, हात लांबवू नका. कीबोर्डचे मागचे पाय उघडले की मनगट वर मुडपतं, म्हणून ते मिटवून ठेवा. दर अर्ध्या तासाने उठून पाणी प्या, मुठी उघडझाप करा, खांदे फिरवा.

ही लक्षणं अंगावर काढू नका

अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, तो झटकल्यावर बरं वाटणं, हातातून कप निसटणं. मनगटातली नस दाबली गेल्याची ही खूण असू शकते. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपणात हा त्रास जास्त दिसतो. घरकाम आणि टायपिंग दोन्ही करणाऱ्या बाईच्या हाताला विसावा मिळत नाही, तेव्हा "कामाने दुखतंय" म्हणून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. लवकर दाखवलं तर पुष्कळदा रात्री मनगटाला पट्टा लावून आणि कामाची पद्धत बदलूनही उतार पडतो.

हात दुखतो म्हणून मुलीचा क्लास बंद करू नका. वायरचा साधा सेट घ्या. वाचलेल्या पैशांतून उशी आणि पाट आणा. आणि सरावाला बसली असेल तेव्हा तासभर तिला दुसरं काम सांगू नका.