नव्या स्की, जुना धोका

आल्प्समधील हिमस्पर्धांचा जागतिक हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस ऑस्ट्रियातील स्योल्डनच्या हिमनदीवर सुरू होतो. त्याआधीच कारखान्यांतून नव्या स्की खेळाडूंच्या हाती पडलेल्या असतात. दुकानांतील जाहिरातींत यंदाचे रंग झळकतात. शर्यतीच्या स्कीचा आकार मात्र निर्मात्यापेक्षा नियमावलीच अधिक ठरवते. तीव्र उतारावरील सर्वांत वेगवान शर्यतीला 'डाऊनहिल' म्हणतात. तिच्यासाठी पुरुषांची स्की किमान २१८ सेंटिमीटर आणि स्त्रियांची २१० सेंटिमीटर लांब असावी लागते. वळणावळणाच्या 'स्लॅलम'ला पुरुषांना १६५ सेंटिमीटरची पुरते.

एवढा फरक का, हे होडी पाहणाऱ्याला सहज कळावे. लांब होडी आपली दिशा सोडत नाही, आखूड होडी चटकन वळते. २०१३ साली स्वित्झर्लंडमधील वेंगन येथे फ्रान्सच्या योहान क्लारे याचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर नोंदला गेला. अशा वेगात स्की थरथरू लागली की तोल सावरायला अवधीच उरत नाही. म्हणून लाकडी गाभ्यावर काचतंतूंचे थर आणि 'टायटॅनल' नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे चढवून ती जड व शांत केली जाते. तळ पॉलिइथिलीनचा, कडा पोलादाच्या.

खरा वाद असतो तो कंबरेचा. स्की टोकांना रुंद आणि मधे अरुंद असते. ती कलली की कड बर्फात रुतते आणि स्की कमान धरून आपोआप वळते. स्लोव्हेनियातील 'एलान' कंपनीच्या युरी फ्रँको व पावेल श्कोफिच् या अभियंत्यांनी १९९० च्या दशकारंभी ही कंबर पुष्कळ खोल केली, आणि काही वर्षांतच जगभर स्की करण्याची रीत पालटली. नवशिक्याला वळणे सोपी झाली. शर्यतीत मात्र तोच गुण अंगावर आला. कड जितकी घट्ट पकडणार तितका भार गुडघ्यावर; आणि चुकून पकडली, तर स्की पायाला स्वतःबरोबर फिरवून नेते.

महासंघाने मग २०१२-१३ च्या हंगामापासून पुरुषांच्या 'जायंट स्लॅलम' स्कीची वक्रता-त्रिज्या २७ मीटरवरून ३५ मीटरवर नेली. हिशेब सरळ होता. ताशी ७२ किलोमीटर वेगाने २७ मीटर त्रिज्येच्या वळणात शरीरावर गुरुत्वाच्या सुमारे दीडपट आडवा भार येतो. ३५ मीटरच्या वळणात तो सव्वापटीहूनही कमी. प्रत्यक्षात स्की कलल्यावर वळण याहून आखूड होते, पण दिशा तीच. खेळाडू संतापले. अमेरिकेचा टेड लिगेटी सर्वांत मोठ्याने बोलला, आणि नव्या नियमाची पहिलीच स्योल्डनची शर्यत त्यानेच २.७५ सेकंदांच्या आघाडीने जिंकली! अशी आघाडी या खेळात विरळाच. तरीही सरळसोट स्की वळवताना पाठीवर ताण येतो ही तक्रार राहिली, आणि २०१७-१८ पासून त्रिज्या ३० मीटरवर आणली गेली. एका सांध्याचे रक्षण करताना दुसऱ्यावर भार पडतो, हे कळायला पाच हंगाम लागले.

डाऊनहिलमध्ये नवी स्की म्हणजे जलद स्की, असेही नाही. एकाच साच्यातून निघालेल्या दोन जोड्यांपैकी एक धावते, दुसरी रेंगाळते. घसटून, घासून, मेण पाजून एखादी जोडी 'पिकते'. अशी जोडी खेळाडू वर्षानुवर्षे जपतात आणि मोठ्या शर्यतीलाच बाहेर काढतात. हे कसब पडद्यामागच्या तंत्रज्ञाचे. त्याच्याच फुप्फुसांत पूर्वी फ्लोरिनयुक्त मेणाचा धूर जात असे, आणि ते रसायन पर्यावरणात दीर्घकाळ नासत नाही. २०२३-२४ पासून त्यावर पूर्ण बंदी आली. त्या हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत नॉर्वेची राग्नहिल्ड मोविंकेल तपासणीत अडकून बाद झाली.

स्की कितीही सुधारली तरी मृत्यू टळलेला नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात फ्रान्सचा विश्वपदक विजेता डेव्हिड प्वासों कॅनडात सरावाच्या वेळी पडून मरण पावला. २०२४-२५ पासून विश्वचषकाच्या वेगवान शर्यतींत अंगरख्याखालची हवापिशवी सक्तीची झाली आहे.

आपल्याकडून गुलमर्ग, औली किंवा मनालीला जाणाऱ्या हौशी पर्यटकाला या लांब स्कींची गरज नाही. त्याच्यासाठी हनुवटीच्या आसपास पोहोचणारी आखूड, मऊ स्कीच बरी. लक्ष द्यावे ते बूट अडकवणाऱ्या बंधनाकडे. पडताना ते सुटले पाहिजे, आणि ते किती जोराने सुटावे हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि सराव यांवरून ठरते. भाड्याची जोडी घेताना ते आपल्यासमोर जुळवून घ्यावे. संकोचाने वजन कमी सांगू नये, आणि फुशारकीने सराव जास्त सांगू नये. पहिल्याने बंधन वाटेतच सुटते, दुसऱ्याने सुटायच्या वेळी सुटत नाही.