तळ्याकाठचं गूज

न्यू जर्सीतल्या आमच्या वसाहतीला एक तळं आहे. तळ्याच्या एका कडेला ट्रकने वाळू आणून केलेला पन्नास पावलांचा बीच आहे, आणि त्या बीचवर कॅनडा गीज आहेत. काळीभोर मान, हनुवटीखाली पांढरा पट्टा, मान ताणून उभं राहिलं की मांडीपर्यंत येणारा पक्षी. गीजपैकी एकटा पक्षी इंग्रजीत गूज. मराठीत गूज म्हणजे कानात हळूच सांगायची गोष्ट. हे गूज पहाटे पाचला भोंग्यासारखं ओरडतं आणि वाळूत बोटाएवढ्या हिरवट लेंड्या टाकून जातं. शनिवारी त्या दंताळ्याने ओढून बादलीत भरायची पाळी प्रत्येक घराला येते. माझ्या पाळीच्या तासाभरात येणारे-जाणारे थांबून सल्ले देतात. ते इतक्या वेळा ऐकलेत की आता लिहूनच काढतो.

पहिला सल्ला माझ्या आईचाच. "पाहुणे आहेत रे, ऋतू पालटला की जातील." आई नाशिकची. हिवाळ्यात जवळच्या नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर उतरणारे पट्टकादंब हंस तिने पाहिलेत. हिमालय ओलांडून येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. तिचा हिशेब तिथे बरोबर, इथे नाही. कॅनडातून खाली येणारे थवे हिवाळ्यात असतात, पण जे जुलैत वाळूवर ठाण मांडून बसलेत ते इथलेच, बारमाही. त्यांना वसवलं माणसानेच. पूर्वी शिकारी गीज पाळून पाण्यात बांधून ठेवत. त्यांना पाहून वरून जाणारे थवे खाली उतरत. १९३५ साली या प्रकारावर बंदी आली आणि पाळीव पक्षी सोडून दिले गेले. पुढे १९६२ मध्ये या पक्ष्याची सगळ्यात थोराड उपजात, जी नामशेष झाली असं सगळे धरून चालले होते, ती मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या तळ्यावर सापडली. मग अनेक राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी हौसेने तिची पैदास करून ती जागोजाग सोडली. स्थलांतराची वाट पिल्लू आईबापांबरोबर उडून शिकतं. ज्यांच्या आईबापांच्या पायाला दोरी होती, ते जाणार कुठे?

(उलट बाजूचा गैरसमजही आहे. १५ जानेवारी २००९ला हडसन नदीत उतरवावं लागलेलं विमान न्यूयॉर्कच्या या गावठी गीजमुळेच खाली आलं, असं सर्रास सांगतात. इंजिनातल्या पिसांची तपासणी झाली तेव्हा ते पक्षी कॅनडाकडचे, खरोखरचे स्थलांतरित निघाले.)

"तळं आहे म्हणून येतात," असं म्हणणारे निम्मेच बरोबर. पाणी हा त्यांचा आडोसा. कोल्हा किंवा कुत्रा आला की त्यात शिरायचं. पोट भरतं ते हिरवळीवर. गूज हा चरणारा पक्षी आहे, गुरांसारखा. खत घातलेलं, दर आठवड्याला कापलेलं, कोवळं गवत पाण्याच्या काठापर्यंत नेऊन भिडवायचं म्हणजे त्यांच्यासाठी पंगत मांडायची. आखूड गवतात लांबवरून कोण येतंय तेही दिसतं. वाळूत त्यांना खायला काहीच नाही; पाण्यातून हिरवळीवर जायचा तो रस्ता आहे, इतकंच. म्हणून काठावर वीसतीस फूट रुंदीचा पट्टा न कापता सोडावा आणि तिथे गुडघ्याच्या वर वाढणारी स्थानिक झुडपं लावावीत. माणसांसाठी ठेवायची पायवाट नागमोडी हवी, सरळ ठेवली तर गीजही तिनेच येतात. आमच्याकडे एका बाजूला असा पट्टा सोडला तेव्हा "किती गबाळं दिसतंय" म्हणून तीन तक्रारी आल्या. तिन्ही घरं शनिवारी दंताळं धरणारीच.

त्यापेक्षा लोकांना वस्तू विकत आणायला आवडतं. आम्ही प्लास्टिकचा कोयोटी, म्हणजे इथला छोटा लांडगा, आणला. पहिल्या दिवशी वाळू मोकळी. तिसऱ्या दिवशी एक गूज त्याच्या सावलीत मान पंखात खुपसून झोपलेलं. हलत नाही, वास नाही, जागा बदलत नाही, त्याला भ्यायचं कशाला? प्लास्टिकच्या राजहंसाची तीच गत. खरा राजहंस सोडावा असंही कुणीतरी सुचवतं. पण इथला नारिंगी चोचीचा राजहंस युरोपातून आणलेला, कयाकवाल्यांच्या अंगावर धावून जाणारा, आणि घाण तोही करतोच. हिरवा लेझर संधिप्रकाशात चालतो, उन्हात नाही. द्राक्षाच्या गोळ्यांना चव देणाऱ्या मिथाइल अँथ्रानिलेटची फवारणी गवत बेचव करते, पण पाऊस पडला किंवा गवत कापलं की पुन्हा फवारा. बॉर्डर कॉली कुत्रा मात्र कामाचा. तो चावत नाही, नुसता रोखून बघत दबक्या चालीने पुढे सरकतो, आणि रोज वेगवेगळ्या वेळी आणला तर गीजना सवय होत नाही.

पण कधी आणायचा? खरी गोम इथे आहे. आमच्या कमिटीला जाग येते ४ जुलैच्या पिकनिकच्या आधल्या आठवड्यात. नेमके त्याच सुमारास, साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, गीजची उडण्याची पिसं झडलेली असतात. वाळूत ती लांब करडी पिसं पडलेली दिसतात. या दिवसांत ते हाकलले तरी उडू शकत नाहीत, आणि पिल्लांनाही उडायला साधारण दहा आठवडे लागतात. पक्षी जायला तयार नाही असं नव्हे, त्याला जाताच येत नाही. अशा वेळी कुत्रा सोडणं निरुपयोगी आणि क्रूर, दोन्ही.

म्हणून काम वसंतात करायचं. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: "कायदा आहे, हातही लावता येत नाही." १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने पक्षी, घरटी, अंडी सगळ्यांनाच संरक्षण आहे, हे खरं. पण इजा न करता हुसकायला परवाना लागत नाही, आणि बारमाही गीजच्या अंड्यांसाठी केंद्रीय मत्स्य व वन्यजीव सेवेकडे दरवर्षी नोंदणी करून १ मार्च ते ३० जून या काळात काम करता येतं. राज्याची वेगळी परवानगी लागते का तेही बघावं. काम असं: आधी अंडं पाण्यात सोडून बघायचं. बुडलं तर आतली वाढ अगदी सुरुवातीची. तरंगलं तर ते अलगद परत ठेवायचं, त्याला काही करायचं नाही. बुडालेल्याला मक्याचं तेल चोपडलं की कवचाची छिद्रं बुजतात आणि वाढ थांबते. अंडी उचलून मात्र न्यायची नाहीत. घरटं रिकामं दिसलं की मादी पुन्हा घालते. अंडी तिथेच असली की खुडूक कोंबडीसारखी बसून राहते. पिल्लं नसलेल्या जोडीला तळ्याशी बांधून ठेवणारं काही उरत नाही. अशा कित्येक जोड्या पिसं झडायच्या आधी उत्तरेला, थेट क्वीबेकच्या वरच्या भागापर्यंत उडून जातात. कॅनडाचे पाहुणे कॅनडाला जातात ते असे.

आजाराचं थोडक्यात. लेंडीवर पाय पडला म्हणून कुणी आजारी पडत नाही. धोका आहे तो पाणी गिळण्यात आणि लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या हातांत. पाण्यातले इ. कोलाय जीवाणू मोजायचे ते याचसाठी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१२च्या शिफारशीत १०० मिलिलिटरला (भूमितीय) सरासरी १२६ ही मर्यादा आहे. पोहून आल्यावर अंगावर उठणारे खाजरे फोड लेंडीच्या स्पर्शाने येत नाहीत. ते येतात पाणपक्षी आणि गोगलगाय यांच्यात फिरणाऱ्या एका सूक्ष्म कृमीमुळे. तो चुकून आपल्या कातडीत शिरतो आणि तिथेच मरतो.

आईने सुरुवातीला शिळ्या पोळीचे तुकडे टाकले होते. पुण्य म्हणून. चारच दिवसांत तिची पिशवी ओळखून अकरा गीज पार्किंगपर्यंत आले, तेव्हा तिने आपणहून बंद केलं. आता ती इतर आजीआजोबांना हटकते.

तुम्ही तळ्याच्या कमिटीवर असाल तर फेब्रुवारीच्या बैठकीतच नोंदणीचा विषय घ्या आणि घरटी शोधायला दोन माणसं नेमा. नोंदणीला पैसे पडत नाहीत. किती अंडी हाताळली ते ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं.