सासूबाईंचं लुगडं

आमच्या सासूबाईंचं एक खादीचं लुगडं होतं, स्वतः कातलेल्या सुताचं. त्या गेल्यावर मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, चार डांबरगोळ्या टाकल्या आणि ट्रंकेत ठेवून निर्धास्त झाले. मागच्या दिवाळीत उघडलं, तर घडीघडीवर चिरलेलं! चूक माझीच. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, आणि वर्षानुवर्षं एकाच घडीवर ताण पडला की धागा तिथेच तुटतो. म्हणून संग्रहालयांत जुनं वस्त्र शक्यतो घडी न घालता नळीवर गुंडाळून ठेवतात.

आपल्या वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. चरखे, खादी, ग्रामोद्योगाची अवजारं, सगळं तिथे आहे. पण आपण किती जणी आत गेलोय, खरं सांगा? पाहुणे आले की आपण सेवाग्राम दाखवतो नि परततो.

सेवाग्रामलाही बघण्यासारखं वेगळंच आहे. आमच्या बचत गटाच्या बायकांना घेऊन बापूकुटीत गेले होते. एक जण भिंतीकडे बघत म्हणाली, "ताई, हे तं आपल्या घरावानीच हाय. सारवलं नाही तं दोन पावसाळेबी टिकत नाही." अगदी खरं! दगडाची मूर्ती शंभर वर्षं तशीच उभी राहील. माती, बांबू नि कवेलूंचं घर मात्र दरवर्षी हात मागतं. पावसाळ्याआधी कवेलू फेरा, वाळवीवर नजर ठेवा, शेणामातीनं सारवा. पक्कं होईल म्हणून वरून सिमेंट थापलं, तर ओल आतच अडकते नि मातीची भिंत पोखरते. ही विद्या आपल्या बायकांच्या हातात आहे, पण तिला कुणी विद्या म्हणत नाही!

धोका फक्त वाळवीचाच नसतो म्हणा. याच आश्रमातून बापूंचा चष्मा चोरीला गेल्याचं २०११ साली उघडकीस आलं होतं.

तर मैत्रिणींनो, आजीची पैठणी असो की खादी, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात ठेवा. डांबरगोळी कापडाला लागू देऊ नका. वर्षातून दोनदा सावलीत वारा द्या, घडी बदला. ट्रंक विटांवर, भिंतीपासून हातभर दूर.

सासूबाईंचं लुगडं मी आता गुंडाळून ठेवलंय. लेक म्हणते, "आई, फाटलंच आहे तर उशीचे अभ्रे शिवू." मी अजून हो म्हटलेलं नाही.